तिसरं तोंड

आमच्या घरात पाण्याला नुसतं पाणी म्हणून चालायचं नाही. अंबरपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी जेवायला बसलं की अण्णा मधूनच विचारायचे, "मुकुंदा, ओढा आणि ओहोळ यांत फरक काय?" घास तोंडात तसाच राहायचा. आई आंबट वरणाची वाटी पुढे सरकवत म्हणायची, "आधी गिळू द्या त्याला, मग बुडवा." अण्णा हसायचे, पण प्रश्न मागे घ्यायचे नाहीत. ओहोळ पावसाबरोबर जन्मतो आणि पावसाबरोबर मरतो, ओढा पाऊस गेल्यावरही काही दिवस रेंगाळतो, एवढं सांगितलं की अंबाडीच्या भाजीकडे वळायची मोकळीक मिळायची. माझ्या वयाची मुलं क्रिकेटचे धावफलक पाठ करत होती तेव्हा मला डोह आणि कुंड, पाट आणि कालवा, तळं आणि तलाव यांची भांडणं सोडवावी लागत.

अण्णा जमीन मोजणीच्या खात्यात होते. जुन्या उर्दू नोंदी वाचणारी माणसं कमी होत गेली, तसं त्यांच्याकडचं काम वाढत गेलं. निवृत्तीनंतरही कोणी ना कोणी पिवळा पडलेला नकाशा घेऊन सकाळीच दाराशी उभा असायचा. त्या नकाशांनी त्यांना एक वेड लावलं होतं. ते म्हणायचे, उर्दू नकाशात एखादी नदी असते, तिची इंग्रजी नक्कल करताना कारकून तिला ओढा करतो, तेलुगू नकलेत ती कालवा होते आणि शेवटच्या छापील कागदावर नुसती एक बारीक रेघ उरते. "कागद बदलला की नाव एक पायरी खाली उतरतं. पाणी नाही उतरत. पाणी तिथंच असतं, वाट बघत." हे शेवटचं वाक्य ते आवाज खाली आणून म्हणायचे, आणि लहानपणी मला त्या वाक्याची भीती वाटायची. पाणी कोणाची वाट बघतं, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती. बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्या चिठ्ठ्या असत, जुन्या छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या. शहराभोवतालच्या प्रत्येक वाहत्या पाण्याची एक चिठ्ठी. नाव लिहायचं ते नकाशावरून नव्हे, तीन तोंडांनी सांगितलं तर. पहिलं तोंड, ज्याचा त्या पाण्यावर धंदा आहे. दुसरं, ज्याचं घर त्या पाण्यालगत आहे. आणि तिसरं, ज्यानं ते पाणी सगळ्यांत जास्त वर्षं पाहिलं आहे. तिघांचं जमलं तर नाव पक्कं. एकाचं जरी वेगळं निघालं तर चिठ्ठी उघडी ठेवायची, आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा जाऊन विचारायचं. डब्यात अशा कित्येक उघड्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं पडून होत्या. आई म्हणायची, "पोरींची लग्नं जमतात यापेक्षा लवकर."

नलूआत्या ही अण्णांची धाकटी बहीण, त्यांच्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान. मराठी शिकवायची एका शाळेत. तिचे यजमान वामनकाका कोर्टात होते. दोघांना मूल नव्हतं, आणि त्याची भरपाई त्यांनी माझ्यावर केली होती. मलकपेठेत रेसकोर्सजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते राहायचे. सकाळी तिथं घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या आणि काका गॅलरीत बसून प्रत्येक घोड्याला नाव ठेवायचे. मला ते 'भूगोल' म्हणायचे. "या भूगोल, बसा. आज कोणत्या समुद्राचं वाटोळं केलंत?" मग खास माझ्यासाठी इराण्याच्या हॉटेलातून मागवलेला चहा आणि खारी बिस्किटं. मी अकरावीत असताना काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जरा जड झाली, पण थट्टा गेली नाही. फक्त जिना गेला. दवाखान्यात न्यायचं तर दोन माणसं खुर्चीसकट त्यांना खाली उतरवायची, आणि तेवढा वेळ ते डोळे मिटून घ्यायचे. वर्षभरात त्यांना खालची जमीन चार-पाच वेळाच दिसली असेल. एकदा ते मला म्हणाले, "भूगोल, मला काही नक्को. एक कढीलिंबाचं झाड, त्याच्याशेजारी खुर्ची, आणि मधे एकही पायरी नक्को."

म्हणून आत्या जागा शोधत होती. दिलसुखनगरच्या मागच्या अंगाला, तलावाच्या खालच्या बाजूला एक तुकडा तिला परवडण्यासारखा मिळाला. जागा सपाट होती, कडुनिंबाची दोन झाडं होती, रस्ता होता. मागच्या कुंपणापलीकडे एक कोरडी चर होती, घाणेरीनं भरलेली, तळाशी गटाराचं थोडं काळं पाणी. विकणारा म्हणत होता नुसता सांडपाण्याचा नाला आहे, आणि पावसाळ्यापर्यंत थांबायला तो तयार नव्हता, कारण त्याला दुसरं गिऱ्हाईक होतं. आत्या अण्णांकडे आली. "दादा, तू सांग. तू हो म्हणालास तर घेते, नाही म्हणालास तर तोंड फिरवते." अण्णांचं तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवं फडकं, बाहेर पडायची बंदी. त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "मुकुंदा जाईल. तीन तोंडं घेऊन येईल. नाला निघाला तर घे. दुसरं काही निघालं तर हात लावू नकोस, सोन्याची असली तरी." आत्यानं मला जाताना दारात थांबवलं आणि नुसतं म्हटलं, "नीट विचार हं राजा."

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. चैत्रातलं ऊन होतं. मला नेमकं आठवतं की खिशात चिठ्ठीबरोबर दुपारच्या खेळाचं सिनेमाचं तिकीट होतं, आणि दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासमधले दोन मित्र थिएटरपाशी माझी वाट बघणार होते. हे तिकीट मी इतकी वर्षं प्रत्येक आठवणीतून काढून टाकत आलो. त्या दिवशी जे केलं ते आत्याच्या मायेपोटी केलं, काकांचा जिना सुटावा म्हणून केलं, असं स्वतःला सांगत आलो. तेही खोटं नाही. पण तिकीट होतं.

चरीत म्हशी हाकणारा मल्लेश भेटला. त्याचा धंदा पाण्यावर, म्हणून तो पहिला. तो म्हणाला नाला. काठावर खाजाभाईंचं पानाचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. ते चुना लावत हसले. "नाला है मियाँ, और क्या? मोरी का पानी जाता, बस. इसमें पूछने का क्या है?" दोन तोंडं झाली. तिसऱ्यासाठी सगळ्यांत म्हातारं माणूस कोण, असं विचारलं तेव्हा त्यांनी पलीकडच्या पत्र्याच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं बालम्मा नावाची एक म्हातारी दारात बसून चिंचेतले चिंचोके काढत होती. तिची सासरची माणसं पिढ्यानपिढ्या त्या पाण्यावर कपडे धूत आलेली. मी विचारलं. तिनं हात थांबवला नाही. "इदि मोरी गादु, बिड्डा. वागु." ही मोरी नाही बाळा, वागू आहे. वागू म्हणजे तेलुगूत रानातून येणारा मोठा ओढा, ज्याला स्वतःची वाट असते. मग तिनं वर बघितलं आणि पुढचं म्हणाली, "वच्चेटप्पुडु अडिगि रादु." यायचं तेव्हा विचारून येत नाही.

मला वाटतं ती आणखी सांगणार होती. तिनं चिंचेची टोपली बाजूला केली, बसायला जागा दाखवली आणि हातानं काठावरच्या कडुनिंबाच्या बुंध्याकडे खूण केली. मी घड्याळ बघितलं. "मंचिदि अम्मा," बरं आई, म्हणून निघालो. चिठ्ठीवर तिचं नाव घातलं असतं तर चिठ्ठी उघडी राहिली असती, जागा हातची गेली असती, अण्णांनी मला पुन्हा पाठवलं असतं; आणि तिच्यापाशी बसलो असतो तर खेळ चुकला असता. बसथांब्यावर मी चिठ्ठी गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं: तिसरं तोंड, यादगिरी, धोबी, वय सत्तर. नाला. यादगिरी नावाचा कोणी माणूस मला तिथं भेटला नव्हता.

अण्णांनी संध्याकाळी चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावली. तिसऱ्या नावाशी त्यांनी मला थांबवलं. "तिघंही नाला म्हणाले? इतकं सरळ?"

"हो अण्णा."

"हा यादगिरी. काय करत होता तू गेलास तेव्हा?"

मला वाटलं पकडलो गेलो. पण जीभ आपोआप हलली. "विडी ओढत होता. इस्त्रीच्या गाडीला टेकून."

अण्णांचा चेहरा सैल झाला. ज्यानं माणसाकडे नीट बघितलं त्यानं त्याचं ऐकलंही असणार, असा त्यांचा हिशेब. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अण्णा म्हणाले, "नाल्यात पाणी माणसं सोडतात, कालव्यात माणसं आणतात. ते माणसांच्या मापात राहतं. भीती त्याची, जे स्वतः येतं. हा नाला आहे, घे तू. जोतं उंच नको, वामनरावांना पायरी नको ना? दारापाशी उतार कर." आत्या तिथंच खाली बसली आणि रडू लागली. आईनं तिच्या हातावर गूळ ठेवला. मीही गूळ खाल्ला.

घर झालं. काका खुर्चीवरून कोणाच्या मदतीशिवाय अंगणात यायला लागले. डाव्या हातानं चाक फिरवत उतारावरून खाली यायचे आणि ओरडायचे, "हटो, हटो, सवारी आ रही!" कढीलिंबाचं झाड कमरेएवढं झालं. त्यांची खाट मागच्या खिडकीशी होती, चरीकडे तोंड करून. पहिला पावसाळा कोरडाच गेला. दुसऱ्या पावसाळ्यात एके दिवशी मी गेलो तर ते म्हणाले, "भूगोल, हा तुझा नाला पाऊस नसतानाही बोलतो. काल दिवसभर पाऊस नव्हता, आणि हा आपला बोलतोय. कुठून आणतो पाणी?" मी म्हटलं, वरच्या तलावातून सोडत असतील. ते म्हणाले, "असेल. पण आवाज सोडलेल्याचा नाही वाटत. आलेल्याचा वाटतो." मी मागे जाऊन बघितलं. चरीच्या उतारात उतरलेल्या कुंपणाच्या तारेत माझ्या छातीच्या उंचीवर गवत, चिंध्या आणि प्लास्टिक अडकलं होतं. पाणी तिथवर येऊन गेलं होतं आणि घरातल्या कोणालाच कळलं नव्हतं. कडुनिंबाच्या बुंध्यावरही मातीचा एक जुना पट्टा होता, डोक्याएवढ्या उंचीचा, सालीत मुरलेला. बालम्मानं त्या दिवशी हाच दाखवला होता. मी तारेतल्या चिंध्या एकेक करून काढल्या, चरीत टाकल्या आणि आत येऊन कांदेपोहे खाल्ले.

पहिल्या वेळी मी वीस वर्षांचा होतो, घाईत होतो. या वेळी मला कसलीही घाई नव्हती. माझ्याजवळ पूर्ण एक वर्ष होतं. त्या वर्षात मी रोज उद्या सांगायचं ठरवत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात दोन दिवस धार तुटली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली आणि आत्या शाळेत गेली. तलाव वरून वाहायला लागला होता, हे खालच्या वस्तीला कोणी सांगितलं नाही. काकांकडे बघायला असलेली बाई दूध आणायला कोपऱ्यावर गेली होती. ती सांगते की परत वळली तेव्हा गल्ली नव्हती. दुपारी बारा वाजता, लख्ख उजेडात ते पाणी आलं आणि तीन वाजेपर्यंत पुन्हा आपल्या वाटेला लागलं. आम्ही पोचलो तेव्हा घरात चिखल होता आणि भिंतीवर खिडकीच्या वर एक सरळ ओली रेघ होती. काका दाराजवळ होते. खाटेवरून ते खुर्चीत कसे गेले कोण जाणे. खुर्ची उताराकडे वळवलेली होती.

त्या वर्षी भाऊबीजेला आत्या आली नाही. सुतकाचं वर्ष म्हणून कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. अण्णा त्या सकाळी न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून बाहेरच्या खोलीत बसून राहायचे. दुपारी आई ताट वाढून बोलवायची. ते उठायचे. आत्यानं त्यांना एकच वाक्य ऐकवलं होतं, तेराव्याला: "दादा, तू म्हणालास म्हणून." अण्णांनी मान खाली घातली होती. मी त्यांच्या मागेच उभा होतो.

पण तेराव्याच्या आधी, म्हणजे पाणी ओसरल्यावर दहा-बारा दिवसांनी, अण्णा मला म्हणाले होते, "मुकुंदा, चल. मला त्या यादगिरीला भेटायचं आहे." मी म्हटलं, तो कुठं वाहून गेला असेल, गावी गेला असेल. ते म्हणाले, "असेल. पण सत्तर वर्षं ज्यानं ते पाणी बघितलं तो नाला कसा म्हणेल? मी त्याला विचारायला चाललोय, भांडायला नाही." आणि आम्ही निघालो. मी त्यांचा हात धरला होता, कारण डोळा अजून अधू होता. चिखलाच्या गल्ल्यांतून आम्ही दीड तास हिंडलो. ते प्रत्येक दाराशी थांबून विचारत होते, "यादगिरी धोबी? विडी ओढतो, इस्त्रीची गाडी आहे." लोक मान हलवत होते. खाजाभाईंच्या दुकानाचा नुसता ओटा उरला होता, ते त्यावर बसले होते. "यादगिरी? चालीस बरस से हूँ साहब, यहाँ कोई यादगिरी नई." अण्णांचा माझ्या हातातला हात जरा थंड झाला असं मला वाटलं, किंवा तो माझाच हात असेल. मी त्यांना पुढच्या गल्लीत नेलं. जो माणूस नाही त्याला शोधायला मी माझ्या बापाला हात धरून नेत होतो.

बालम्मा तिच्या खोलीच्या उरलेल्या भिंतीपाशी भांडी घासत होती. तिनं आधी अण्णांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मग अण्णांना तेलुगूत म्हणाली, "हा तुमचा मुलगा का? हा आला होता. मी सांगितलं होतं ह्याला. बसला नाही."

अण्णांचं तेलुगू माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्यांनी तिला दोन-तीन गोष्टी विचारल्या: काय सांगितलं होतं, कधी, आणखी कोणी होतं का. ती सांगत गेली. वागू. विचारून येत नाही. झाडावरचा पट्टा तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा. त्यांनी तिला हात जोडले. मग ते तिथं पडलेल्या दगडावर बसले आणि म्हणाले, "चिठ्ठी आहे का तुझ्याजवळ?"

चिठ्ठी त्यांच्याच खिशात होती, ते त्यांना मग आठवलं. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली, पेन दिलं. "यादगिरी खोडू नकोस. त्याच्याखाली लिही. तिसरं तोंड, बालम्मा. वागू." मी लिहिलं. 'म्मा'चा काना खालच्या ओळीत गेला. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि घडी घातली. परतीच्या रिक्षात ते म्हणाले, "नलूला सांगू नकोस. तिला आता तुझ्याशिवाय कोणी नाही. माझ्यावर रागावून ती जगेल. तुझ्यावर रागावली तर कुणाकडे जाईल?" त्यानंतर त्या विषयावर ते कधीही बोलले नाहीत. जेवताना प्रश्न विचारायचेही बंद झाले. आमच्या घरात पाण्याला नुसतं पाणी म्हणू लागले. अण्णा आणखी नऊ वर्षं जगले. नऊ भाऊबीजा मी मोजल्या आहेत.

माझी मुलगी परवा फोनवर नकाशा उघडून दाखवत होती. त्या जागी आता उंच इमारती आहेत, आणि त्यांच्यामधून एक बारीक निळी रेघ जाते. रेघेला नाव नाही.

आत्या गेली पंधरा वर्षं आमच्याकडे राहते. गुडघे गेलेत, डोळे शाबूत आहेत. अण्णांचा विषय निघाला तर ती आता मऊ होते. म्हणते, "दादाचं आयुष्यात एकदाच चुकलं रे. मीच फार ताणलं." तेव्हा मी काहीतरी निमित्त काढून उठतो. हे आत्मकथन लिहायला घेतल्यापासून प्रत्येक प्रकरण आधी तिच्याकडे जातं. ती पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, समासात 'असं कोण बोलतं?' असं लिहिते. मागचं प्रकरण परत देताना म्हणाली, "बरं लिहितोस. पण कुठं पाणी आलं की घाईनं पुढं जातोस. का रे?"

म्हणून हे सावकाश लिहिलं. अण्णांनी मला तिला सांगू नको म्हटलं होतं, पण ते तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. त्या आज्ञेच्या आडोशाला मी माझं आयुष्य बरं काढलं. आता तीही सत्याहत्तरची आहे, आणि भावाबद्दलची चुकीची गोष्ट घेऊन तिनं जावं हे मला सोसणार नाही. पलीकडच्या खोलीत ती पेन्सिलीला टोक काढते आहे, मला ऐकू येतं आहे. आत्ताच हाक मारली, "मुकुंदा, झाली का पानं?" पानं लावून झाली. सगळ्यांत वर डब्यातली ती चिठ्ठी ठेवली आहे, घडी उघडून. आता आत जायचं, ती दाखवेल तिथं बसायचं, आणि ती जे काही बोलेल ते बोलून संपेपर्यंत उठायचं नाही.